मेंदूत डावे-उजवे करू नका

आपल्या मराठीत 'डावे-उजवे करणे' असा एक वाक्प्रचार आहे. आईने लेकरांत डावे-उजवे करू नये, गुरुजींनी विद्यार्थ्यांत करू नये, असे आपण म्हणतो. परंतु हल्ली हे डावे-उजवे थेट आपल्या कवटीत जाऊन बसले आहे. 'तो डाव्या मेंदूचा, हिशेबी. ती उजव्या मेंदूची, भावनाप्रधान' असे बोलणे आता आपल्या कट्ट्यावरही ऐकू येते. या बोलण्याला माझा विरोध आहे. तो का, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

गेल्या वर्षी मी ज्या खाजगी शिकवणीला जात होते, तिथे एक गृहस्थ बोटांचे ठसे घेण्याचे यंत्र घेऊन आले. पैसे भरायचे, दहा बोटांचे ठसे द्यायचे आणि आठ दिवसांनी रंगीत कागदांवर आपल्या मेंदूचा 'अहवाल' घ्यायचा! माझ्या अहवालात माझा डावा मेंदू प्रबळ निघाला. मला हिशेब, तर्क आणि शिस्त यांत गती आहे. भावना, संगीत आणि कविता यांत बेताचीच, असे त्यात होते. मी हसून सोडून दिले. माझ्या मैत्रिणीचा मात्र उजवा मेंदू प्रबळ निघाला आणि 'वाणिज्य शाखा अनुकूल नाही' असा शेरा मिळाला. ती माझ्यापेक्षा हिशेबात हुशार. तरी तिने त्याच महिन्यात सी. ए. च्या परीक्षेची शिकवणी सोडली. बोटांच्या ठशांवरून बुद्धीची परीक्षा करण्याला शास्त्रीय आधार नाही, असे आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने म्हटलेले आहे. हे तिला सांगायला मला फार उशीर झाला.

आता कोणी विचारील, दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक न उघडलेल्या, मराठी माध्यमातून आलेल्या वाणिज्याच्या मुलीने मेंदूवर लिहावे, हा अधिकार तिला कोणी दिला? अधिकार नाही, हे मला मान्य आहे. कारण मात्र आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या आजोबांना, अर्धांगवायूचा झटका आला. त्या अठरा दिवसांत दवाखान्यातल्या दोन खाटांच्या मधल्या जागेत बसून मी जे पाहिले, ते पुढे पुस्तकांतून समजून घेतले. मेंदूच्या दोन भागांचे ज्ञान खरोखर कोणाच्या उपयोगी आहे, हे मला तिथे कळले.

अण्णा सुलतान बाजारातल्या एका कापडदुकानात चाळीस वर्षे मुनीम होते. रोकड जुळली की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "बरोबर!" झटक्यात त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. सगळी गेली म्हणावे तर तसेही नाही. एक शब्द उरला, "बरोबर." पाणी हवे असले तरी "बरोबर", औषध नको असले तरी "बरोबर", माझ्याकडे बघून माझे नाव घ्यायचे असले तरी "बरोबर". मग स्वतःचे चुकले हे त्यांनाच कळे आणि ते डाव्या हाताने कपाळ बडवून रडत.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. आपला मोठा मेंदू अक्रोडाच्या गरासारखा दोन फाकांचा असतो. या फाकांना गोलार्ध म्हणतात. डावा गोलार्ध शरीराची उजवी बाजू हालवतो आणि उजवा गोलार्ध डावी. उजव्या हाताने कामे करणाऱ्या शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव जणांत भाषेचे मुख्य काम डाव्या गोलार्धात चालते. डावखुऱ्यांतही सुमारे सत्तर टक्क्यांचे तसेच असते. म्हणून उजवे अंग गेले की पुष्कळदा वाचाही जाते. याला वाचाघात म्हणतात. अण्णांचे हेच झाले होते.

हा शोध फ्रान्समधल्या पॉल ब्रोका या डॉक्टरांच्या नावावर आहे. १८६१ साली त्यांच्याकडे लबोर्न नावाचा एक रोगी आला. वीस वर्षांहून अधिक काळ तो 'टॅन' एवढाच उच्चार करू शकत होता, म्हणून सगळे त्याला टॅनच म्हणत. फार चिडला की त्याच्या तोंडून एक शिवी मात्र स्पष्ट निघे. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू पाहिला, तर डाव्या गोलार्धाचा पुढचा भाग बिघडलेला होता. असे आणखी रोगी पाहिल्यावर, आपण डाव्या गोलार्धाने बोलतो, असे त्यांनी १८६५ साली मांडले. टॅनबद्दल वाचताना मला आमचे 'बरोबर' आठवले. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या परक्या माणसाशी अण्णांचे नाते लागले असे वाटले.

अण्णांचे शब्द गेले, पण पाठांतर गेले नव्हते. एका संध्याकाळी माझा धाकटा भाऊ खाटेशी बसून पाढे म्हणत होता. तो अडखळला आणि अण्णांनी पुढचा आकडा सांगितला! मग आम्ही सुरुवात करून द्यायचो आणि ते पावकी, निमकी धडाधड म्हणत जायचे. आरतीही म्हणत. आरती संपली की पुन्हा "बरोबर". नातेवाईकांना हा चमत्कार वाटे. काहींना तर ते सोंग वाटले. "आरती येते, मग नातीचे नाव कसे येत नाही?" असे एका पाहुण्यांनी त्यांच्यासमोरच विचारले. वास्तविक यात सोंगही नाही आणि चमत्कारही नाही. पाठ असलेले, तालात बसलेले बोलणे आणि ऐन वेळी शब्द जुळवून केलेले बोलणे यांच्या वाटा मेंदूत पुष्कळशा वेगळ्या असतात. या गोष्टीचा आधार घेऊन १९७३ साली अमेरिकेत बॉस्टन येथे सुरावर वाक्ये म्हणवून घेण्याची एक उपचारपद्धती निघाली आणि ती आजही वापरतात.

आता शेजारच्या खाटेकडे वळते. तिथे बिदरकडचे एक कन्नड भाषिक शेतकरी होते. माझे आजोळ बिदरचे, त्यामुळे कन्नड मला घरचीच. त्यांच्या पत्नीला दवाखान्यातले बोलणे समजावून सांगायला मीच असे. मी त्यांना अक्का म्हणू लागले. त्यांच्या यजमानांचे डावे अंग गेले होते, म्हणजे बिघाड उजव्या गोलार्धात. त्यांचे बोलणे शाबूत होते. शब्द स्पष्ट, वाक्ये पूर्ण. आमच्याकडचे लोक म्हणत, "यांचे बरे आहे, वाचा तरी वाचली." परंतु अक्का माझ्याजवळ रडत. त्या म्हणत, "हा माझा नवरा नव्हे. चाळीस वर्षे रोज मला विचारायचा, 'ऊट आय्ता?' आता मी चार दिवस उपाशी राहिले तरी बघत नाही. बोलतो ते कागदावरचे वाचल्यासारखे बोलतो. थोरल्या भावाच्या मरणाची बातमी दिली, तर म्हणाला, 'असं का,' आणि चहा मागितला."

ते ताटातला उजव्या बाजूचा भात खात आणि डावीकडचा तसाच टाकून आणखी भात मागत. दाढी अर्धीच करत. "तुमचा डावा हात उचला," म्हटले की "उचलला की," म्हणत, आणि हात अंथरुणावर तसाच पडलेला असे. अक्कांना वाटे, नवरा चेष्टा करतो आहे किंवा रागावला आहे. त्यांचे स्टूल खाटेच्या डाव्या अंगाला होते. त्या दिवसभर तिथे बसत आणि तो माणूस एकदाही त्यांच्याकडे मान वळवीत नसे.

रोग्यांकडून व्यायाम करून घ्यायला एक ताई येत. चार दिवसांनी त्यांच्याकडून उलगडा झाला. उजव्या गोलार्धाला इजा झाली की पुष्कळ रोग्यांना डावीकडचे जगच जाणवेनासे होते. डोळे ठीक असतात, लक्ष तिकडे जात नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, बोलण्यातला चढउतार, आर्जव, राग, थट्टा हे सारे सुरात आणण्याचे आणि दुसऱ्याच्या सुरातून ओळखण्याचे काम बऱ्याच अंशी उजवा गोलार्ध करतो. एलियट रॉस या अमेरिकन डॉक्टरांनी १९७९ च्या सुमारास असे रोगी वर्णन केले. त्यांना दुःख होत होते, पण आवाजात आणि चेहऱ्यावर ते उमटत नव्हते. अक्कांच्या यजमानांचे मन किती कोरडे झाले होते आणि नुसता आवाज किती, ते कोणास ठाऊक! परंतु अक्कांनी त्याचा एकच अर्थ लावला होता, की माझ्यावरची माया आटली. ताईंनी स्टूल उजवीकडे आणायला सांगितले. मी सरकवले. त्यांनी अक्कांकडे पाहिले आणि त्याच सपाट आवाजात विचारले, "कुठं होतीस?"

या दोन खाटांसारखे रोगी इटलीतील ग्विदो गाईनोत्ती यांनी मोठ्या संख्येने अभ्यासले. १९७२ साली त्यांनी १६० रोग्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. डाव्या गोलार्धाला इजा झालेल्यांत एकाएकी रडू कोसळणे, घाबरणे, संताप हे अधिक दिसले. उजव्या गोलार्धाच्या रोग्यांत बेफिकिरी, आजार नाकारणे, अवेळी थट्टा हे अधिक दिसले. यावरून काहींनी घाईने ठरवून टाकले की आनंद डावीकडे आणि दुःख उजवीकडे राहते. हेही पुन्हा डावे-उजवेच झाले! कारण अण्णा रडत होते ते मेंदूच्या एका कोपऱ्यातून रडू सुटले म्हणून, की चाळीस वर्षे बोललेल्या माणसाला नातीचे नाव घेता येईना म्हणून? मला दुसरे कारण नाकारता येत नाही. डाव्या बाजूच्या झटक्यानंतर उदासपणा अधिक येतो, असे काही वर्षे मानले जात होते. परंतु अनेक अभ्यास एकत्र तपासून २००० साली जो आढावा निघाला, त्यात या समजुतीला आधार मिळाला नाही. झटक्यानंतरचा उदासपणा बाजू पाहून येत नाही. तो सुमारे एक तृतीयांश रोग्यांना गाठतो. एकेक भावना दोन्ही गोलार्धांत आणि त्यांच्या खाली खोलवर पसरलेल्या जाळ्यांतून घडते, असेच आजचे शास्त्र सांगते.

मग 'डाव्या मेंदूचा माणूस, उजव्या मेंदूचा माणूस' ही कल्पना आली कोठून? तिचे मूळ एका खऱ्या आणि मोठ्या संशोधनात आहे. आपल्या शहराचीच उपमा द्यायची तर, दोन गोलार्ध हे मुसी नदीचे दोन तीर आणि त्यांच्यामध्ये सुमारे वीस कोटी मज्जातंतूंचा एक जाड पूल. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात मुसीवरचे अफझलगंज आणि चादरघाट येथले पूल वाहून गेले, तेव्हा दोन्ही तीर होते तिथेच होते, पण एकाची खबर दुसऱ्याला कळणे कठीण झाले. १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात काही अपस्माराच्या रोग्यांच्या मेंदूतला हा पूल डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून कापला. हेतू हा, की एका बाजूची फिट दुसरीकडे पसरू नये. त्या रोग्यांवर रॉजर स्पेरी आणि त्यांचे शिष्य मायकेल गॅझानिगा यांनी प्रयोग केले. स्पेरींना १९८१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांतला एक प्रयोग मला वाणिज्याची विद्यार्थिनी म्हणून फार आवडतो. पूल कापलेल्या एका रोग्याच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीच्या पायाचे चित्र दाखवले आणि उजव्या गोलार्धाला बर्फाने झाकलेल्या घराचे. मग समोरच्या चित्रांतून जुळणारे चित्र निवडायला सांगितले. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने बर्फ उपसायचे फावडे. दोन्ही बरोबर! 'फावडे का निवडलेस?' असे विचारल्यावर उत्तर द्यायचे होते बोलणाऱ्या डाव्या गोलार्धाला, आणि त्याने तर बर्फ पाहिलेच नव्हते. तरी तो अडखळला नाही. 'कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागते,' असे त्याने सांगून टाकले. खर्च आधी झाला आणि व्हाउचर मागून तयार झाले! आपण सगळेच असे करतो, असे गॅझानिगांचे म्हणणे आहे. आपण वागतो आधी आणि त्याची सुसंगत हकीकत मागून रचतो. अक्कांनी 'नवरा रागावला' ही हकीकत रचली, आमच्या पाहुण्यांनी 'म्हातारा सोंग करतो' ही रचली. त्यांचे पूल तर शाबूत होते.

परंतु ध्यानात घ्या, हे प्रयोग पूल कापलेल्या माणसांवरचे आहेत. तुमचा-माझा पूल जागेवर आहे आणि त्यावरून क्षणाक्षणाला ये-जा चालू आहे. वर्तमानपत्रांनी आणि स्वतःचा विकास शिकवणाऱ्या पुस्तकांनी पूल तेवढा वगळला आणि दोन तीरांवर माणसांच्या दोन जाती वसवल्या. २०१३ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी १,०११ व्यक्तींच्या मेंदूंची चित्रे तपासली. काही कामे डावीकडे, काही उजवीकडे अधिक होतात हे त्यांना दिसले. परंतु एखाद्या माणसाची सबंध डावी किंवा सबंध उजवी बाजूच जास्त जोरकस आहे, असे काही आढळले नाही.

शिवाय जे डावे-उजवे दिसते, तेही सगळे जन्मजात नसते. एका बाजूला हसू आणि दुसऱ्या बाजूला कोरा भाव असे जोडलेले चेहऱ्याचे चित्र दाखवले, तर पुष्कळ लोक पाहणाऱ्याच्या डावीकडच्या अर्ध्यावरून भाव ठरवतात. ही बाजू उजव्या गोलार्धाकडे जाते, म्हणून भावना ओळखण्यात उजवा गोलार्ध पुढे, असे समजले जाते. १९८९ साली ज्योत्स्ना वैद आणि महाराज सिंह यांनी हे वेगवेगळ्या लिप्या वाचणाऱ्यांत तपासले. डावीकडून उजवीकडे हिंदी वाचणाऱ्यांत डावीकडचा हा ओढा स्पष्ट दिसला. उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्यांत तो तसा दिसला नाही. म्हणजे डोळ्यांना लागलेली लिपीची सवयही यात भाग घेते. ज्या शहरात पाट्यांवर तेलुगू आणि उर्दू शेजारी शेजारी असतात, त्या शहरातल्या माणसांना ही गोष्ट नवलाची वाटू नये.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर माझी खरी तक्रार येथे मांडते. अण्णांना किती समजते हे पाहायला येणारे तरुण डॉक्टर सज्जन होते, पण ते तेलुगूत विचारत आणि मग घाईघाईने हिंदीत. अण्णांना दोन्ही भाषा बाजारापुरत्या येत. 'डोळे मिटा, मग जीभ दाखवा' हे त्यांना मराठीत कोणी सांगितलेच नाही. कागदावर शेरा पडला की रोग्याला समज नाही. संध्याकाळी मी तेच मराठीत सांगितले, तर त्यांनी डोळे मिटले आणि जीभही दाखवली. दोन-तीन भाषा बोलणाऱ्याच्या भाषा साधारणपणे डाव्या गोलार्धातच, एकमेकींत मिसळून असतात. झटक्यानंतर मातृभाषा आधी परतते असे एक मत, रोजच्या वापरातली आधी परतते असे दुसरे. दोन्ही शंभर वर्षांहून जुनी आणि दोन्हींना अपवाद पुष्कळ. म्हणूनच रोग्याची तपासणी त्याच्या सर्व भाषांत व्हायला हवी.

आणि हे हैदराबादेत होऊ नये, तर कोठे व्हावे? याच शहरात निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस येथे डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्विभाषिकांवर जगभर गाजलेले काम केले. २०१३ साली त्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत तो आजार एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दिसले, आणि शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. २०१६ साली पक्षाघाताच्या ६०८ रोग्यांचा अभ्यास आला. झटक्यानंतर ज्यांची विचारशक्ती ठीक राहिली असे लोक द्विभाषिकांत ४०.५ टक्के होते, एकभाषिकांत १९.६ टक्के. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच होते. इतर देशांतल्या काही अभ्यासांत असा लाभ दिसला नाही आणि त्यावर वाद चालू आहे, हेही सांगितले पाहिजे. तरीपण ज्या मासिकात मराठी आणि कन्नड एका शिवणीत बांधली जातात, त्याच्या वाचकांना आपल्या दोन भाषांचे ओझे वाटण्याचे कारण नाही, एवढे त्यातून नक्की निघते.

आता शेवटचा प्रसंग सांगते. पंधराव्या दिवशी माझे एक काका काही कागद घेऊन आले. उदगीरकडचे आमचे जुने घर विकण्याची बोलणी आधीपासून चालू होती. काकांचा हेतू वाईट नव्हता. दवाखान्याचा खर्च सगळ्यांना दिसत होता. त्यांनी वाकून विचारले, "अण्णा, घर देऊन टाकायचे ना?"

अण्णा म्हणाले, "बरोबर."

"ऐकले ना सगळ्यांनी?" असे म्हणून काकांनी शाईचा डबा उघडला आणि अण्णांचा डावा अंगठा हातात घेतला.

पण मी पंधरा दिवस ते 'बरोबर' ऐकत होते. पाणी हवे असतानाचे 'बरोबर' वेगळे, झोप आली असतानाचे वेगळे, माझ्या नावाच्या जागेचे वेगळे. शब्द एकच, सूर दहा. शब्द डाव्या गोलार्धाबरोबर बुडाले होते आणि सूर उजव्या गोलार्धात जिवंत होता. हे तेव्हा मला पुस्तकातून माहीत नव्हते, कानांना माहीत होते. त्या वेळचे 'बरोबर' हे कडू औषध नको असतानाचे होते. मी म्हटले, "काका, थांबा. अण्णा 'नाही' म्हणत आहेत."

काका रागावले. बाबा मात्र पुढे आले. त्यांनी अण्णांचा डावा हात हातात घेतला आणि सांगितले, "अण्णा, हो असेल तर माझा हात दाबा. नाही असेल तर सोडून द्या." आधी त्यांनी साध्या गोष्टी विचारल्या. हा दवाखाना आहे का? आज दिवाळी आहे का? मग घराचे विचारले. तीन वेळा, शब्द फिरवून फिरवून विचारले. तिन्ही वेळा अण्णांनी हात सोडला, आणि तिसऱ्या वेळी कागद खाटेखाली ढकलून दिले. काका खाली बसले आणि अण्णांच्या पायांवर डोके ठेवून रडू लागले. अण्णा म्हणाले, "बरोबर." त्या वेळचा सूर कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

वाचाघाताच्या प्रत्येक रोग्याला सगळे समजते, असे मी म्हणत नाही. काहींचे समजणेही जाते. म्हणूनच 'त्यांना काही कळत नाही' हे गृहीत धरणे जितके चूक, तितकेच 'ते हो म्हणाले' हे गृहीत धरणेही चूक. विचारावे, पुन्हा विचारावे, त्यांच्या भाषेत विचारावे, आणि शब्दाबरोबर सूर ऐकावा.

अण्णा त्यानंतर दोन वर्षे जगले. माझे नाव ते शेवटपर्यंत घेऊ शकले नाहीत. उदगीरचे घर अजून उभे आहे. अक्का आपल्या यजमानांना घेऊन गावी गेल्या. आता त्याच त्यांना दोन वेळा विचारतात, 'ऊट आय्ता?'

माझे म्हणणे थोडक्यात असे. दोन गोलार्धांचे ज्ञान धडधाकट माणसांच्या वर्गवारीसाठी नाही. हा कविता करील, ती हिशेब करील, असे ठरवायला ते वापरणे म्हणजे अज्ञानाला शास्त्राचा अंगरखा घालणे होय. हे ज्ञान आहे ते आजारी माणसाला समजून घेण्यासाठी. बोलता न येणाऱ्याला वेडा म्हणू नये, आणि कोरडे बोलणाऱ्याला निष्ठुर म्हणू नये, यासाठी ते आहे. आपल्या कुटुंबांत असा प्रसंग कधी येईल ते सांगता येत नाही. तोंड वाकडे झाले, हात गळून पडला, बोलणे अडखळले, तर झाडपाला शोधत बसू नका. तडक मोठा दवाखाना गाठा. रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आणि तिथे पोहोचल्यावर डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे सांगा, की आमच्या माणसाला त्याच्या भाषेत विचारा. भाषा येत नसेल तर आम्ही शेजारी उभे राहतो.

राहता राहिली माझी मैत्रीण. हा लेख छापून आला की पहिली प्रत मी तिला देणार आहे. सी. ए. च्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत अजून गेलेली नाही.